हप्त्याची नवी गाडी गेली, रोखीची जुनी आली

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी निंदणीला जाता जाता, कुणी गटाच्या बैठकीत फोन मध्ये ठेवून.

आज गाडीविषयी बोलायचं आहे. बायकांच्या कार्यक्रमात गाडी कशाला, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण आधी सांगतो. गाडी बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असते, पण तिचा हप्ता अडला की पहिल्या निघतात त्या बाईच्या पाटल्या. म्हणून हा विषय आपला आहे.

आमचं गाव येवला तालुक्यात, कांद्याच्या पट्ट्यात. गेलं वर्षभर गावात, पाहुण्यांत आणि गटांच्या बैठकांत आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो. दारातली नवीकोरी पांढरी गाडी विकली आणि तिच्या जागी ही जुनी खिळखिळी सुमो का आणली? आम्ही घरातली सगळी माणसं बसलो आणि ठरवलं, की आडून आडून बोलणी ऐकण्यापेक्षा हिशोबच सगळ्यांसमोर ठेवू. तो ऐका. कुणाच्या उपयोगी पडला तर घ्या.

नवी गाडी घेतली २०२२ च्या दसऱ्याला. कर्ज आठ लाखांचं, पाच वर्षांचं, साडेदहा टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता १७,१९५ रुपये. तेव्हा दोन गाई दुधावर होत्या, आमच्या पापड-शेवयांना मागणी होती आणि कांद्याचे पैसे वर्षातून दोनदा हातात येत होते. हिशोब बसत होता.

पुढचं वर्ष तुम्हीही पाहिलंय. २०२३ ला पाऊस पाठ फिरवून गेला. शासनानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला येवला होता. उरलासुरला लाल कांदा बाजारात न्यायची वेळ आली आणि ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली. ती उठली ४ मे २०२४ ला. तोवर आमचा लाल कांदा विकून झाला होता, आणि विहिरीला पाणी नसल्यामुळं उन्हाळ कांदा लावलाच नव्हता.

कांद्याचे पैसे नाहीत म्हटल्यावर महिन्याचा हिशोब असा राहिला. दूध, पापड आणि गटाच्या कामाचं मानधन मिळून हातात २६,००० रुपये. घरखर्च, डिझेल, मुलांची शाळा, सासूबाईंची दम्याची औषधं, गटाचा हप्ता आणि सोन्यावरच्या कर्जाचं व्याज मिळून १४,५००. उरले ११,५००. हप्ता १७,१९५. म्हणजे दर महिन्याला ५,६९५ रुपयांचा खड्डा. तो खड्डा सात महिने हातउसन्या पैशांनी भरला, शेकडा तीन व्याजानं. सात महिन्यांत ते उसनं ४०,००० झालं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन रुपये. वर्षाला ३६. आपण साडेदहा टक्क्यांचं कर्ज वेळेवर फेडायला ३६ टक्क्यांचं कर्ज काढत होतो. बँकेच्या कागदावर हप्ता वेळेवर दिसतो, घर मात्र खालून पोखरत जातं.

२०२४ च्या दसऱ्याच्या आधी आम्ही एका रात्री सगळं कर्ज एका कागदावर उतरवलं. मुलगी आठवीत आहे, तिच्या वहीचं पान घेतलं आणि तिलाच लिहायला बसवलं. गाडी ५,२९,०००. सोसायटीचं पीककर्ज १,५०,०००. ते मार्चला नवं-जुनं करायला पाटल्या ठेवल्या होत्या, त्याचे ६०,०००. हातउसने ४०,०००. गटाचे २५,०००. बेरीज ८,०४,०००. घरात कुणी काही बोललं नाही. बेरीज दोनदा करून पाहिली, तेवढीच आली.

मग दुसऱ्या बाजूला लिहिलं, आपल्याकडे काय आहे. आणि प्रत्येकापुढं एक शब्द लिहायचा ठरवला. कमावतं, की खातं? जमीन कमावते. गाई कमावतात. पापडाचं यंत्र कमावतं. गाडी? तिच्यातून माल जातो, दवाखाना होतो, म्हणजे ती उपयोगाची आहे. पण महिन्याला सतरा हजार खाते. आठ लाखांतले सव्वापाच लाख एकट्या तिचेच होते.

सासूबाई म्हणाल्या, "गाय विकली तर दूध जातं. रान विकलं तर पिढी जाते. गाडी विकली तर काय जातं? नाक जातं. नाकाचं बघू पुढं."

यांना ते लगेच पटलं नाही. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी हेच म्हणाले, "विकायची तर हप्ता थकायच्या आधी विकू." हा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश सांगतो. हप्ते ९० दिवस थकले की कर्ज बुडीत खात्याकडं जातं, नोंद खराब होते. गाडी ओढून नेली तर ती लिलावात जाते, आणि लिलावात बाजारभाव मिळत नाही. लिलावाचे पैसे कर्जाला पुरले नाहीत तर उरलेली रक्कम आपल्याच डोक्यावर राहते. गाडीही गेली आणि कर्जही राहिलं, असं होतं. तेच खातं स्वच्छ असताना आपण स्वतः गिऱ्हाईक शोधलं, तर भाव आपण ठरवतो.

आता विक्री कशी केली ते. आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडून लेखी आकडा मागवला, की आज कर्ज बंद करायचं तर किती भरायचे. बाकी ५,२९,०००. त्यावर मुदतीआधी बंद करण्याचा आकार तीन टक्के आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, मिळून १८,७२७. एकूण ५,४७,७२७. हा आकार प्रत्येक करारात वेगळा असतो. तुमच्या करारात किती आहे ते वाचून घ्या, तोंडी सांगितलेल्यावर जाऊ नका.

गिऱ्हाईक ७,१५,००० ला तयार झालं. त्यानं कर्जाची रक्कम थेट संस्थेत भरली आणि उरलेले १,६७,२७३ आमच्या खात्यात. रोखीत काही घेतलं नाही. संस्थेकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतला, म्हणजे आरसी बुकावरचा कर्जाचा बोजा उतरतो. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मालकी बदलाचा अर्ज आरटीओत गेला. गाडी ताब्यात देताना तारीख आणि वेळ लिहून घेणाऱ्याची सही घेतली.

मालकी बदल झाल्याशिवाय गप्प बसू नका. गाडी विकून पैसे घेतले, पण कागदावर नाव आपलंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणी असलेल्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ सालच्या निकालात हे स्पष्ट केलं आहे.

गाडीशिवाय राहता येईल का, हाही विचार केला. आमची वस्ती मोठ्या रस्त्यापासून सहा किलोमीटर आत. एसटी दिवसातून दोनदा. सासूबाईंना रात्री दमा उठला तर येवल्याला न्यावं लागतं. पापडाची पोती आठवड्याला बाजारात जातात. दुचाकीवर हे होत नाही. तेव्हा गाडी हवी, पण हप्त्याची नको, असं ठरलं. सोबत दुसरंही ठरलं. हातात आलेल्या १,६७,२७३ रुपयांतच गाडी, कागद आणि दुरुस्ती बसवायची. वरचा एक रुपया काढायचा नाही.

जुनी गाडी बघायला आम्ही दोघं जायचो, आणि सोबत ओळखीचे एक मिस्त्री. पाच गाड्या पाहिल्या. मिस्त्रींनी जे जे तपासलं ते आम्ही वहीत लिहून घेतलं. तेवढं तुम्हालाही जमेल.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जायचं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी कुरबूर लपवते. चालू केल्यावर धूर बघायचा. काळा धूर असेल तर डिझेल नीट जळत नाही, कधी एअर फिल्टर तुंबलेला असतो, कधी पंप-नोझलचं काम असतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय, हे खर्चाचं दुखणं. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जात असल्याची शंका घ्यायची. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला, तर सरळ घरी परत यायचं. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम असताना उघडलं तर वाफ तोंडावर येते.

हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं तर क्लच प्लेट संपली. टायरवर चार आकडी नंबर असतो, त्यात पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी म्हातारं टायर चिरतं. एकाच बाजूनं झिजलेलं असेल तर स्टिअरिंगच्या जोडांत किंवा अलाइनमेंटमध्ये दोष. पायाखालची मॅट उचलून पत्रा बघायचा. वरचा रंग ताजा आणि खालचा पत्रा सडका, असं खूप असतं.

कागद तर आधी बघायचे. चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहायचा. बोजा आहे का, विमा आहे का, दंडाची चलनं थकलीत का, हे एम-परिवहन ॲपवर आणि आरटीओत कळतं. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांची असते, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तेव्हा किती वर्षं उरलीत ते भावात धरायचं.

पाचवी गाडी पसंत पडली. २०१२ सालची सुमो, १,०५,००० रुपयांना. ही गाडी टाटांनी १९९४ साली बाजारात आणली आणि सुमंत मूळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं. २०१९ ला तिचं उत्पादन थांबलं, पण गावोगावच्या मिस्त्रींच्या हाताला ती सवयीची आहे आणि सुटे भाग मिळतात. जुनी गाडी घेताना हे फार मोठं. ज्या गाडीचा भाग परगावाहून मागवावा लागतो, ती स्वस्त असली तरी महाग पडते.

आमची सुमो इंजिनानं धड होती, बाकी अंगानं थकलेली. ब्रेक दाबला की डावीकडं ओढायची. क्लच गेलेला. पुढचे दोन टायर गुळगुळीत. गिअर टाकला की खालून टक आवाज यायचा. मधल्या सीटचं रेक्झिन फाटून काथ्या बाहेर, आणि मागच्या दाराखाली पत्र्याला हात जाईल एवढं भोक. हे सगळं दाखवूनच भाव पाडला होता.

मालकी बदल, विमा आणि पीयूसी यांना १२,२७३ रुपये लागले. त्यात मोठा वाटा विम्याचा. १,५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच जीएसटीसह सव्वानऊ हजारांच्या वर जातो. पण तो कायद्यानं लागतोच आणि आपल्यालाही तोच वाचवतो. दुरुस्तीला उरले बरोबर ५०,०००.

आता दुरुस्तीत आधी काय आणि नंतर काय, यावर घरात वाद झाला. मुलाला आधी रंग हवा होता. पाहुणे म्हणाले, आधी सीट आणि टेप बसवा म्हणजे गाडी दिसेल तरी. मिस्त्रींनी एका वाक्यात निकाल लावला. म्हणाले, "वहिनी, गाडी आधी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे. दिसायचं सगळ्यात शेवटी." त्याच क्रमानं यादी केली.

थांबण्यासाठी पुढचे डिस्क पॅड, मागचे लायनर, गळका व्हील सिलिंडर आणि ब्रेक ऑइल, ६,४००. वळण्यासाठी बॉलजॉइंट, टायरॉड एंड आणि अलाइनमेंट, ५,६००. दोन नवे टायर, १२,०००. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, ९,५००. टक वाजत होता तो प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, १,८००. इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, पट्टे, होज पाइप आणि रेडिएटरची सफाई, ८,७००. बॅटरी जुनी देऊन नवी, ५,५००. बेरीज ४९,५००. शिल्लक ५०० रुपये, ते डब्यात.

मिस्त्रीकडं काम देतानाही आम्ही चार गोष्टी पाळल्या. कामाची यादी आणि अंदाज आधी लिहून घेतला. सुटे भाग दुकानातून आपल्या नावाच्या पावतीवर आणले. काढलेले जुने भाग परत मागून घेतले, म्हणजे बदललंय का ते कळतं. आणि यादीत नसलेलं काम निघालं तर आधी फोन, मग पाना, असं सांगून ठेवलं. मिस्त्री प्रामाणिक होते. पण प्रामाणिक माणसालाही लेखी काम आवडतं, कारण नंतर वाद राहत नाही.

रंग, सीट, पत्रा यांना पैसे नव्हते, मग हातानं केलं. गटातल्या एक ताई शिवणकाम करतात. त्यांनी जुन्या ताडपत्रीच्या धड तुकड्यांतून आणि गोधडीच्या कापडातून सीटची कव्हरं शिवली, त्या बदल्यात त्यांचं चार महिन्यांचं सामान बाजारात आमच्या गाडीतून गेलं. दिवाळीच्या सुट्टीत मुलं आणि आम्ही तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन गंज घासला. घासून झाला की कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारायचा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला की दवानं पुन्हा गंज धरतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मारतो तोच रेड ऑक्साइड. दोन महिने गाडीवर लाल ठिगळं होती. मुलगी एक दिवस शाळेतून येऊन म्हणाली, "मैत्रिणी म्हणतात, तुमची गाडी गोवर आल्यासारखी दिसते." तीही हसली, आम्हीही हसलो.

यांना मात्र हसायला वेळ लागला. महिनाभर गाडी चौकातून नेली नाही, मागच्या पांदीनं काढायचे. पारावर बसायचं बंद केलं. बायांनो, कर्जाचं ओझं आपण आकड्यात मोजतो, पण घरच्या पुरुषाच्या मनावर त्याचं जे असतं, ते आकड्यात येत नाही. तो गप्प राहतो. आपल्या भागात त्या गप्प राहण्यातून काय काय झालंय, ते सांगायला नको. म्हणून आम्ही घरात एक नेम केला. दर महिन्याच्या पाच तारखेला तो कागद काढायचा, सगळ्यांनी बसायचं आणि कमी झालेला आकडा यांनीच लिहायचा. चौथ्या महिन्यात हे आपणहून पारावर जाऊन बसले. कुणी गाडीवरून बोललं तर म्हणाले, "तिच्यावर कुणाचं काही नाही." एवढंच.

आता वर्षाचा हिशोब. हप्ता गेल्यावर महिन्याला ११,५०० उरत होते. त्यातले ३,५०० 'गाडीचा डबा' म्हणून वेगळे. जुनी गाडी हप्ता मागत नाही, पण अचानक पैसे मागते, म्हणून तिचा डबा आधी भरायचा. डब्यातून वर्षभरात काय गेलं? पत्र्याचं वेल्डिंग आणि बुश २,८००. मागचे दोन टायर १२,०००. जुलैत ऐन पावसात डायनामो गेला, ४,८००. सर्व्हिसिंग ४,४००. एकूण २४,०००. वर्षाचे ४२,००० जमा झाले होते, १८,००० शिल्लक आहेत. त्यातून आता विमा भरायचा आहे. नव्या गाडीचे बारा हप्ते झाले असते २,०६,३४०.

डिझेलचंही सांगतो. नवी गाडी लिटरला १५ किलोमीटर द्यायची, ही १२ देते. महिन्याला ६०० किलोमीटर फिरायचो, त्याला नवीला ४० लिटर लागायचं. तेवढ्याच ४० लिटरमध्ये ही ४८० जाते. मग १२० किलोमीटर फिरणं कमी केलं. बाजार, बँक आणि दवाखान्याची तारीख एकाच दिवशी धरली. डिझेलचा खर्च वाढला नाही.

उरलेले ८,००० कर्जाकडं. सगळ्यात आधी शेकडा तीनचं उसनं, कारण ते सगळ्यात जास्त खातं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून सहाव्या महिन्यात, एप्रिलला ते संपलं. त्या महिन्यात उरलेले ३,९८५ आणि मे ते ऑक्टोबरचे ४८,००० सोन्याच्या कर्जात गेले. ६०,००० पैकी ८,०१५ राहिले आहेत. पाटल्या पुढच्या महिन्यात घरी येतील. या मार्चला पीककर्ज नवं-जुनं करायला सोनं ठेवावं लागलं नाही, कांद्याच्या पैशातून मुदतीत भरलं. पीककर्ज मुदतीत भरण्याचं मोल मोठं आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की ही सवलत जाते. गाडीच्या हप्त्यापायी ती तारीख चुकू देणं परवडत नाही.

एक सावधगिरी सांगायची राहिली. जुनी मोठी गाडी दारात आली की शेजारीपाजारी म्हणतात, भाडं मारा, हप्ता सुटेल. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत पैसे घेऊन माणसं नेणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. धंदाच करायचा तर पिवळी प्लेट, परवाना आणि तसा विमा काढून करा. आम्ही करत नाही.

मैत्रिणींनो, प्रत्येकीनं गाडी विकावी असं आम्ही म्हणत नाही. ज्या घरात हप्ता कमाईतून जातो, त्या घरात नवी गाडी सुखानं राहू द्या. आम्ही सांगतो ते एवढंच. गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक कागद आणा. डाव्या बाजूला सगळं कर्ज, सोसायटीचं, गटाचं, सोन्यावरचं, उसनं, फोनच्या हप्त्यासकट. प्रत्येकापुढं व्याज महिन्याचं नाही, वर्षाचं लिहा. उजव्या बाजूला घरातल्या वस्तू, आणि प्रत्येकीपुढं कमावतं की खातं. आणि खाली एक प्रश्न. यातला कोणता हप्ता आपण दुसरं कर्ज काढून भरतोय? त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की काय विकायचं, काय दुरुस्त करून वापरायचं आणि काय राखायचं, ते घर स्वतःच ठरवतं. आमच्या गावातल्या दोन घरांनी आमचा कागद नमुना म्हणून मागून नेला आहे. एका घरानं ट्रॅक्टर विकून भाड्यानं मशागत करायचं ठरवलं, दुसऱ्यानं गाडी ठेवली आणि रिकामा प्लॉट विकला. दोघांचं उत्तर वेगळं आलं, कारण दोघांचा हिशोब वेगळा होता.

कागद लिहायला कुणाला मदत लागली तर आपल्या गटाच्या ताईला बोलवा, मुलामुलींना बसवा, आणि घरातल्या पुरुषांना तर आधी बसवा. हिशोब लपवून घर सावरत नाही.

आज एवढंच.